आपला बांगड्यांचा वाद

अहो, काल संध्याकाळी मी रेडिओवर रडले. तुमच्या बार रूममधल्या मंडळींना तुम्ही कितीतरी आधीपासून बजावून ठेवलं होतं, त्यांनी आपापल्या घरी लावला असेल. शेजारच्यांनी लावला होता, भिंतीतून ऐकू येत होतं. ज्यांनी एवढा खटाटोप केला ते तेवढे नव्हते. तुमची वेताची खुर्ची मी रेडिओसमोर सरकवून ठेवली होती. तुमच्या आत्याबाईंनी ती पाहिली आणि तोंड फिरवलं. हल्ली त्या माझ्याशी बोलत नाहीत, माझ्याबद्दल बोलतात.

तुमच्याविषयी काहीतरी लिहा, असं येणारा प्रत्येक जण सांगून जातो. तुम्ही वकील म्हणून कसे होता, ते लिहायला दुसरे पुष्कळ आहेत. मला आपला वाद पुरा करायचा आहे. तो अर्ध्यावर टाकून तुम्ही उठून गेलात. कोर्टात असं केलं असतंत, तर जजसाहेबांनी चांगलं झापलं असतं तुम्हाला.

हे सगळं तुमच्या हौसेनं सुरू झालं, हे आत्याबाईंना कोणीतरी सांगायला हवं. मी सांगून काही उपयोग नाही. आपल्या लेकीचं, सुमनचं लग्न झालं, ती अचलपूरला नांदायला गेली, आणि घर खायला उठलं म्हणून तुम्ही रेडिओ आणलात. श्रुतिका लागली की डोळे मिटून ऐकायचात आणि मध्येच म्हणायचात, "याच्यापेक्षा मी बरं बोललो असतो." म्हणता म्हणता खरंच नागपूरच्या रेडिओ केंद्रावर आवाजाच्या चाचणीसाठी नाव देऊन आलात. मी आपली डबा घेऊन सोबतीला. परत येताना धाकट्या बहिणीकडे डोकवायचं, एवढाच माझा त्यात स्वार्थ.

काचेच्या अलीकडे बसून मी तुम्हाला पाहत होते. तुम्ही कोटाची बटणं लावलीत, घसा खाकरलात आणि असा काही आवाज लावलात की आतले साहेब खुर्चीसकट मागे सरकले. मुलीला सासरी पाठवणाऱ्या बापाचं बोलणं होतं ते. तुम्ही त्या मुलीवर खटलाच भरलात. वर शेवटी "एवढं बोलून मी खाली बसतो" असंही म्हणालात, आणि खरंच खाली बसलात. साहेब हसू दाबत बाहेर आले. ज्या मुलीला पुढचं वाचायचं होतं ती आली नव्हती, म्हणून मला म्हणाले, "बाई, दोन ओळी वाचता का? यंत्र जुळवून घेतो." मी वाचल्या, घरी पोथी वाचते तशा. त्यांनी पुन्हा वाचायला लावल्या. निघताना तुम्हाला म्हणाले, "वकीलसाहेब, रागावू नका, पण बोलावणं आलं तर ते यांना येईल."

दुसरा कोणी असता तर घरी येईपर्यंत तोंड फुगवून बसला असता. तुम्ही बडनेऱ्यापर्यंत हसत आलात. डब्यातल्या अनोळखी माणसाला उठवून सांगत होतात, "पाहा जी, केस मी लढलो आन् डिक्री हिले भेटली." तेव्हा मला लाजच वाटली होती तुमची. आता तेच हसू पुन्हा पुन्हा आठवत बसते.

माझी पंचेचाळिशी उलटून गेली होती. या वयात बायका जावयाचं कौतुक करतात, लोणची घालतात, गुडघ्यांना तेल लावतात. मी बोलायला शिकायला बसले. झोपाळ्याच्या कडीला सुतळी बांधून तुम्ही पितळी पेला उलटा टांगलात आणि म्हणालात, हा माइक. त्याच्यापासून वीतभर लांब उभं राहायचं, कागद वाजू द्यायचा नाही, श्वास नाकानं घ्यायचा. हे तुम्हाला तरी कुठे येत होतं! त्या साहेबांना विचारून विचारून तुम्ही ते शिकून आला होतात, आणि मला असं शिकवत होतात, जणू जन्मभर तोच धंदा केला होता.

मी पहिल्यांदा काय करायचे आठवतं? समोरच्यानं विचारलं की नुसती मान हलवायची. कागदावर 'हो' लिहिलेलं असायचं, मी मान हलवून पुढच्या ओळीवर जायची. तुम्ही कपाळावर हात मारायचात.

"अवं, पेल्याले मान दिसते काय? तोंडानं हो म्हण."

"म्हटलं की."

"कवा म्हटलं? मले तर आइकू नाई आलं."

जन्मभर या घरात मी मानेनंच हो म्हणत आले होते, ते तुम्हाला बरोबर कळत होतं. पेल्याला कळत नव्हतं. मी तसं म्हटलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, "मंग आता मलेबी तोंडानंच म्हणत जा." तेव्हापासून मी म्हणायला लागले, आणि नाहीसुद्धा म्हणायला लागले. आत्याबाई म्हणतात की रेडिओनं मला तोंड फुटलं. त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही.

मग ती श्रुतिका आली. माझी पहिलीच मोठी भूमिका. घरात एकटी असलेली बाई, नवरा परगावी गेलेला, दारात एक माणूस येतो आणि नवरा वारल्याची बातमी सांगतो. तिथून पुढे तिचं रडणं. कागद वाचून मी तो परत तुमच्या हातात दिला. म्हटलं, मले हे नाई जमत, आन् जमवायचं बी नाई. सवाष्ण बाईनं असलं तोंडातून काढू नये. आत्याबाई तेव्हा अकोल्याहून आल्या होत्या, त्यांनी तर कानावर हात ठेवले. लहानपणीच कपाळ पुसलेली बाई ती, तिला या गोष्टीचा विनोद चालत नाही. तुम्ही मात्र वकिलीवर आलात. "नाटकात मेलेल्या माणसाचा कोणच्याच दप्तरात दाखला निघत नाई, आत्या," असं म्हणालात आणि संध्याकाळपासून तालीम सुरू केलीत.

रडणं मला येईना. म्हणजे यायचं, पण ऐकू जायचं नाही. आपल्याकडच्या बाया रडतात तशीच मी रडायची, पदराचा बोळा तोंडाला लावून. आवाज सगळा त्या लुगड्यात. "पदर खाली," तुम्ही ओरडायचात. हात खाली घेतला की रडूच थांबायचं. शेवटी तुम्ही माझे दोन्ही हात मागे धरून ठेवायचात आणि म्हणायचात, आता रड. त्यात मला हसू यायचं, तुम्हालाही यायचं, आणि भाजी करपायची. पदर न लावता मोठ्यानं रडायला मी तुमच्याकडूनच शिकले.

आणि बातमी घेऊन येणारा माणूस कोण व्हायचा? तुम्हीच. स्वयंपाकघराच्या चौकटीत उभे राहून, टोपी हातात घेऊन, खाली मान घालून म्हणायचात, "वहिनी, बसून घ्या आधी. खबर चांगली नाही." किती संध्याकाळी तुम्ही असे तुमच्याच मरणाची बातमी घेऊन माझ्या दारात आलात! मी तेव्हा एकदा तरी तुमच्या तोंडावर हात ठेवायला हवा होता. ठेवला नाही, कारण तुम्ही ते इतकं वाईट करायचात की भीती वाटायचीच नाही.

ध्वनिमुद्रणाला गेलो तर तिथले साहेब म्हणाले, "बाई, बांगड्या काढून ठेवाव्या लागतील. माइकमध्ये वाजतात." मी पेल्यासमोर इतके दिवस उभी राहिले, पण हे आपल्या दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. पेल्याला काय, बांगड्या वाजल्या काय आणि न वाजल्या काय. मी साफ नाही म्हटलं. त्या सीनला तर मुळीच नाही. तुम्ही पुढे झालात, खिशातला रुमाल काढलात, सोबत आलेल्या बहिणीच्या यजमानांचा एक मागून घेतलात, आणि माझ्या दोन्ही मनगटांवर बांगड्यांच्या वरून घट्ट बांधलेत. जखमेला पट्टी बांधावी तसे. गाठ तुम्हाला दोनदा सोडून पुन्हा मारावी लागली. मला वाटलं, माझ्यापेक्षा यांनाच जास्त धास्ती आहे.

सगळं ठीक चाललं होतं. बातमी आली. माझा हुंदका फुटला. आणि काय झालं कोण जाणे, एवढ्या तालमी पाण्यात गेल्या, हात आपोआप पदराकडे गेला. रुमाल सरकला आणि बांगड्या खळकन् वाजल्या. साहेबांनी हातानं 'चालू दे' अशी खूण केली. संपल्यावर म्हणाले, राहू द्या, पुढचं रडणं पुन्हा असं मिळायचं नाही. पण त्यांच्या कपाळावरची आठी मला दिसली होती.

परतीच्या गाडीत आपला वाद लागला. मी म्हणत होते, चूक ती चूक, त्यांना सांगून पुन्हा करून घेऊ. विधवेच्या हातात बांगड्या कशा वाजल्या, असं लोक विचारतील. तुम्ही म्हणालात, "विधवा कोण? तिले खबर आताच भेटली. त्या घडीले तिच्या हातात बांगड्या असतीलच. आन् असल्या तर वाजतीलच."

"बातमी ऐकल्यावर बाई जागच्या जागी थिजते. हात हलत नाई तिचा."

"तुले काय माहीत?"

"आन् तुमाले काय माहीत?"

झालं. तिथून तुम्ही जे पेटलात! पुराव्याशिवाय मी ऐकत नाही म्हटल्यावर पुरावाच गोळा करायला लागलात. ध्वनिमुद्रण होऊन गेलं तरी तालीम काही संपेना. मी पोळ्या लाटत असताना, तुळशीला पाणी घालत असताना तुम्ही अवचित समोर यायचात आणि पडेल चेहरा करून म्हणायचात, "वहिनी, बसून घ्या आधी." माझे हात हलतात की थिजतात ते बघायला. मी हसायची नाहीतर लाटणं उगारायची. तुम्ही म्हणायचात, हा साक्षीदार फितूर आहे, याला आधीच सगळं ठाऊक असतं. एकदा चहा पिता पिता म्हणालात, "एक दिवस असा साक्षीदार आणतो, का तुले ओळखूच येनार नाई."

अहो, हे बोलायची काही गरज होती का?

कादरभाई दुपारी आले. तुमचे मुन्शी कादरभाई, कागद न्यायला आले तरी ओसरीवरून हाक मारणारे, कधी उंबरा न ओलांडणारे. त्या दिवशी सरळ स्वयंपाकघराच्या चौकटीत येऊन उभे राहिले. टोपी हातात. खाली मान. म्हणाले, "भाभीजी, बसा तुमी आधी."

मी हसले. खरंच हसले. मला वाटलं, आणला एकदाचा साक्षीदार. तवा चुलीवर होता, मी पोळी उलटली आणि म्हटलं, "त्यायले सांगा, तुमी त्यायच्यापेक्षा बरं काम करता, कादरभाई. पन आता नाई म्हनावं, पोळ्या रायल्या." ते तिथून हलले नाहीत. मी म्हटलं, "हो, हो, लई छान केलं, या आता." आणि मग मी वर पाहिलं, तर त्यांची दाढी भिजलेली होती. "नाई जी भाभीजी," म्हणाले, "वकीलसाहेब गेले. कोर्टात, उभ्या उभ्या. बोलता बोलता."

त्यापुढचं मला आठवत नाही. खूप आठवून पाहते. तव्यावरची पोळी जळल्याचा वास आठवतो. माझे हात कुठे होते, हलले की थिजले, काही म्हणता काही आठवत नाही. ज्या एका गोष्टीसाठी तुम्ही एवढं भांडलात नेमकी तीच माझ्यापाशी नाही.

तुम्हाला आणलं तेव्हा मी रडले, पदर न लावता, तुम्ही शिकवलं तशी. आवाज रस्त्यापर्यंत गेला असेल. मागून एक बाई दुसरीला म्हणाली, "रेडिओत काम करते ना थे, रडता येते तिले." मी ते ऐकलं. त्याहून वाईट म्हणजे, त्याच्या आधीपासून मी मलाच ऐकत होते. हुंदका कुठे तुटला, श्वास कुठे घेतला, सगळं कानात पडत होतं, पेल्यासमोर पडायचं तसं. तुम्ही पुढ्यात निजलेले, आणि माझा अर्धा जीव माझ्याच आवाजाकडे. मी ओठ मिटून घेतले. तेव्हापासून मला रडू येत नाही. येतं असं वाटतं, आणि मग शंका येते की हे माझं आहे की शिकलेलं. माझं स्वतःचं रडणं होतं ते तुम्ही सोडवून घेतलंत आणि दुसरं हातात देऊन निघून गेलात. मी कशानं रडू सांगा ना.

बांगड्या आत्याबाईंनी वाढवल्या. तेव्हा पहिल्यांदा बोलल्या, "सांगत होती म्या. जित्या नवऱ्याले मेला म्हनून रडली, दोन गावाले आइकू जाईल असं रडली. देवाले काय, त्यानं आइकलं." यावर तुमच्याकडे काहीतरी तोडीस तोड उत्तर असतं. रात्रंदिवस मी तेच घोळवते. तुम्ही म्हणालात नाटकातल्या मरणाचा दाखला निघत नाही. मग हा कुठून निघाला? मला हो-नाही म्हणायला शिकवलंत, आता आत्याबाईंना नाही म्हणायची ताकद माझ्यात नाही. पुन्हा मानेवर आलेय मी. रेडिओकडून पुढच्या श्रुतिकेसाठी विचारणा झाली. आता हात मोकळे आहेत, रुमाल बांधावा लागायचा नाही, हे पहिल्यांदा डोक्यात आलं आणि मला माझीच किळस वाटली. मी 'नाही' म्हणून कळवलं. पेलासुद्धा कडीवरून सोडून घासून फडताळात ठेवला आहे.

कालची वेळ जवळ आली तसा मी रेडिओवरचा कपडा काढला. आत्याबाई अडवतील असं वाटलं होतं. त्या खांबाला टेकून बसल्या आणि म्हणाल्या, "लाव. मलेबी आइकू दे, कोनच्या नाटकानं आमचं पोरगं नेलं थे." कादरभाई सांगितल्यासारखे आले. तुम्ही त्यांनाही बजावून ठेवलेलं असणार. या वेळी ओसरीवरच बसले, दाराशी.

माझा आवाज आला. ती बाई मला ओळखीची वाटेना, इतकी ती सुखात होती. कसलंसं गाणं गुणगुणत धान्य पाखडत होती. मग तो माणूस दारात आला आणि बातमी सांगितली. मी तुमच्या खुर्चीकडे पाहत होते. हुंदका फुटला, आणि बांगड्या वाजल्या. खळकन्. एवढ्या मोठ्यानं वाजल्या असतील असं तेव्हा वाटलं नव्हतं. माझ्या हातात आता काही नाही आणि खोलीत माझ्या बांगड्या वाजल्या. आत्याबाईंनी माझ्या मनगटांकडे पाहिलं, मग स्वतःच्या. त्यांच्या हातातल्या कधी वाजल्या होत्या ते त्यांना तरी आठवत असेल की नाही. थोड्या वेळानं त्या सरकून माझ्याजवळ येऊन बसल्या.

श्रुतिका संपली. कापसाचे भाव सांगायला लागले तशी मी रेडिओ बंद केला. कादरभाई उठले, चपला घातल्या, पण जाईनात. आपला वाद त्यांना माहीत होता. कोर्टात सगळ्यांना सांगत होतात ना तुम्ही? अंगणाकडे तोंड करूनच ते म्हणाले, "भाभीजी, अश्शाच वाजल्या होत्या जी. त्या दिवशी. म्या सांगतलं आन् तुमचा हात पदराकडं गेला. अश्शाच." आणि गेले.

झाली साक्ष. हा साक्षीदार फितूर नव्हता, मी त्याला ओळखलंही नव्हतं. माझा हात थिजला नव्हता. तुम्ही म्हणत होतात तेच खरं होतं. त्यानंतर मी पदर तोंडाला लावला आणि जुन्या सवयीनं रडले, कोणालाही ऐकू जाणार नाही असं, मलासुद्धा.

तुम्ही जिंकलात, वकीलसाहेब. मी तोंडानं म्हणते, जिंकलात. पण नवरा-बायकोच्या एवढ्याशा वादासाठी एवढा पुरावा आणायचा असतो का हो?